परीस, अंगठी आणि हस्तरचे सोने

पुस्तकावर बेतलेला अद्भुतपट पाहून आलेला वाचक बहुतेक वेळा हिशेब मांडत बसतो. अमुक पात्र गाळले, तमुक प्रसंग आधी घेतला, शेवट बदलला. त्याच्या शेजारी बसून तोच चित्रपट पाहिलेला, पुस्तक न वाचलेला प्रेक्षक बोलतो ते ड्रॅगन खरा वाटला की नाही याबद्दल. एकाची फूटपट्टी पुस्तकाशी इमान राखण्याची, दुसऱ्याची डोळे दिपवण्याची. दोन्ही फूटपट्ट्या मला अपुऱ्या वाटतात. अद्भुतकथेत जी जादू असते तिला अट असते, आणि ती वापरणाऱ्याला काहीतरी मोजावे लागते. चित्रपटाने पुस्तकातली निम्मी पात्रे उडवली तरी चालेल, पण ती अट आणि ते मोल त्याने शाबूत ठेवले पाहिजे. ते सुटले की प्रसंगामागून प्रसंग जसेच्या तसे उतरवूनही हाती नुसती रोषणाई उरते. हे तपासायला हॉलिवूडपर्यंत जाण्याआधी हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावाकडे वळलेले बरे, कारण या प्रकारच्या कथेचा फार चांगला नमुना तिथल्या माणसाच्या नावावर आहे.

कयाधू नदीकाठचे नर्सी हे परंपरेनुसार संत नामदेवांचे जन्मगाव. जन्म १२७० चा. नामदेवांच्या चरित्रकथांत परिसा भागवताची गोष्ट येते. परिसा भागवत हा पंढरपूरचा, रुक्मिणीचा भक्त. तिच्या कृपेने त्याला परीस मिळालेला. त्याची बायको कमळजा आणि नामदेवांची बायको राजाई या मैत्रिणी. राजाईच्या घरातली ओढाताण पाहून कमळजा तिला परीस वापरायला देते. राजाई लोखंडाचे सोने करते, बाजार भरते, स्वयंपाक रांधते. नामदेव घरी येतात, एवढे सगळे आले कुठून ते विचारतात आणि परीस चंद्रभागेत टाकून देतात. मग परिसा भागवत खवळून दारात उभा. माझा परीस परत दे. नामदेव नदीत उतरतात, तळातले खडे ओंजळीत घेऊन वर येतात आणि म्हणतात, तुझा यातला कोणता तो ओळखून घे. लोखंड लावून पाहावे तर प्रत्येक खडा परीस. परिसा भागवताचा ताठा तिथे संपतो आणि पुढे तो नामदेवांचा शिष्य होतो. या गोष्टीत जादू भरपूर आहे, पण तिची रचना पाहण्यासारखी आहे. ज्याला सोने नको त्याच्याच हातात नदीचा तळ परीस होतो. परिसाला जपणाऱ्याकडे एकच असतो, आणि तोही बायकोच्या एका उसनवारीत जातो. या अटीमुळेच गोष्ट उभी राहते. ती काढली तर पाण्यातून चमकते खडे काढणाऱ्या माणसाचा खेळ तेवढा उरेल.

जे. के. रोलिंग यांची पहिली हॅरी पॉटर कादंबरी १९९७ ची. तिच्यातही परीस आहे. तो एका आरशात लपवलेला आहे आणि तो मिळण्याची अट अशी की ज्याला तो शोधायचा आहे पण वापरायचा नाही, त्यालाच तो मिळेल. खलनायकाला आरशात दिसते ते परीस मालकाच्या हाती देणारे स्वतःचे रूप. दगड काही हाती येत नाही. अकरा वर्षांच्या हॅरीच्या मात्र तो आपोआप खिशात पडतो. इंग्लंडमधल्या एका लेखिकेला नर्सीच्या नामदेवांची गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि दोन्ही गोष्टींचे सांगणेही वेगळे आहे. तरी परिसाची अट तीच निघते, याचे मला नवल वाटत नाही. फुकटचे सोने ही कल्पना जिथे जिथे माणसाला सुचली, तिथे ते कोणाला मिळू नये हाही विचार लगेच मागून आला असणार. २००१ मध्ये ख्रिस कोलंबस यांनी या कादंबरीचा चित्रपट केला तेव्हा शाळेतले अनेक बारकावे गळाले, पण आरशाची अट राहिली. म्हणून तो चित्रपट आजही मुलांना बांधून ठेवतो. याच मालिकेतला तिसरा चित्रपट अल्फोन्सो क्वारोन यांनी २००४ मध्ये केला. त्यात पुस्तकाची काटछाट अधिक आहे, पूर्वपिढीच्या मैत्रीचा मोठा भाग वगळलेला आहे, आणि तरीही जाणकार त्यालाच वरचढ मानतात. पानागणिक इमान राखणे हीच कसोटी असती तर हे घडले नसते.

उलट उदाहरण जर्मनीतले आहे आणि ते या विषयातले सर्वांत बोलके आहे. मायकेल एंडे यांची ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ १९७९ ची. बास्टियन नावाचा एक एकटा पडलेला मुलगा पुस्तक वाचता वाचता त्या पुस्तकातल्या जगात जातो. तिथे त्याला एक ताईत मिळतो आणि मागेल ती इच्छा पुरी होऊ लागते. देखणा व्हायचे, शूर व्हायचे, सगळ्यांनी मान द्यायचा. कादंबरीच्या उत्तरार्धात एंडे यांनी घातलेली अट भयंकर आहे. प्रत्येक इच्छेच्या बदल्यात बास्टियनच्या आधीच्या आयुष्यातली एक आठवण पुसली जाते. तो थोर होत जातो आणि घरचा रस्ता विसरत जातो. अखेरीस त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. वाटेत त्याला एक शहर लागते. सगळ्या आठवणी खर्चून बसलेले आणि आता इच्छाही करता न येणारे पूर्वीचे सम्राट तिथे वेड्यासारखे भटकत असतात. १९८४ मध्ये वोल्फगांग पीटरसन यांनी केलेला चित्रपट पूर्वार्धापाशीच थांबतो. थांबायला हरकत नव्हती. पण शेवटी बास्टियन ड्रॅगनच्या पाठीवर बसून आपल्या शहरात येतो, त्रास देणाऱ्या पोरांना पळवून लावतो, आणि निवेदक सांगतो की त्याने पुढेही कितीतरी इच्छा केल्या. म्हणजे पुस्तकाने ज्या गोष्टीची जबर किंमत लावली ती चित्रपटाने मोफत वाटली. एंडे चिडले, कोर्टात गेले, तिथे हरले. सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून त्यांनी आपले नाव काढायला लावले. लेखक हट्टी असतात असे म्हणून हा राग उडवून लावता येईल, पण पुस्तक वाचलेल्याला त्याचे कारण लगेच कळते. १९९० च्या दुसऱ्या चित्रपटात आठवणी पुसल्या जाण्याचा धागा उचलला गेला. तोवर पहिल्या चित्रपटाने जगभरच्या मुलांना जे सांगायचे ते सांगून झाले होते.

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या तीन वर्षांत तीन चित्रपट आणले. टॉम बॉम्बाडिल हे अनेक वाचकांच्या लाडाचे पात्र त्यात नाही. युद्ध संपवून चौघे मित्र घरी परततात तेव्हा त्यांचे गाव लुटारूंच्या ताब्यात गेलेले असते, हा कादंबरीतला महत्त्वाचा भागही नाही. वाचकांनी बोटे मोडली, आजही मोडतात. पण अंगठीची अट त्यात जशीच्या तशी आहे. चांगल्या हेतूनेही ती वापरता येत नाही. जो शहाणा आहे तो तिला हात लावायलाच घाबरतो. शेवटी ज्वालामुखीच्या तोंडाशी उभा राहून नायक फ्रोडो स्वतःच हरतो, अंगठी माझी म्हणतो. एवढ्या महाग चित्रपटात नायकाला ऐन क्षणी हरू द्यायला धाडस लागते. घरी परतल्यावरही त्याची जखम भरत नाही, हेही चित्रपटाने ठेवले. तिसऱ्या भागाला अकरा ऑस्कर मिळाली त्यात युद्धाच्या दृश्यांचा वाटा असेलच, पण पुन्हा पुन्हा पाहणारे लोक हत्तींच्या लढाईसाठी नव्हे, फ्रोडोच्या त्या थकलेल्या चेहऱ्यासाठी परत येतात असे मला वाटते. याच दिग्दर्शकाने नंतर ‘द हॉबिट’ या मुलांसाठीच्या एका सुटसुटीत पुस्तकाचे तीन लांबलचक चित्रपट केले. सोन्याच्या राशीवर बसून थॉरिन राजाची मती फिरते हा त्या कथेचा गाभा. तो तिथे आहे, पण इतक्या पाठलागांच्या आणि लढायांच्या गर्दीत की त्याच्यापर्यंत पोहोचेस्तोवर प्रेक्षक दमलेला असतो. फिलिप पुलमन यांच्या कादंबरीवरच्या ‘द गोल्डन कंपास’चे (२००७) आणखीच वाईट झाले. दुसऱ्या जगाचे दार उघडण्यासाठी पुस्तकात एका निष्पाप मुलाचा जीव जातो. चित्रपटाने तो शेवट कापला आणि आशादायक वळणावर पडदा पाडला. पुढचे भाग निघालेच नाहीत.

आता मराठी मुलखाकडे यावे. ‘तुंबाड’ हा चित्रपट हिंदीत आहे, पण त्याचे रक्त मराठी आहे. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेले, पहिल्या भागातली, घरात डांबलेल्या भेसूर म्हातारीची आणि तिच्यासमोर एकट्या पडलेल्या पोराची भीती नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेतून आलेली. धारपांची ती कथा स्वतः स्टीफन किंगच्या एका कथेवरून सुचलेली होती. म्हणजे अमेरिकेतली गोष्ट पुण्याच्या लेखकामार्फत कोकणातल्या पावसात आली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांच्या कथेतले फार थोडे ठेवले आणि तिला एक अट जोडली. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र; त्याने सोन्याबरोबर अन्नही हडपायला पाहिले, म्हणून सोने त्याच्याकडे राहिले आणि भूक कायमची मागे लागली. आता देवीच्या गर्भात उतरून कणकेची बाहुली दाखवायची, तो खायला धावला की त्याच्या लंगोटातून मोहरा ओढायच्या आणि दोराने वर यायचे. जेवढा वेळ तेवढ्याच मोहरा. त्याचा स्पर्श झाला की मरणही नाही आणि जगणेही नाही, नुसते सडत राहणे. हे सगळे प्रेक्षकाला आधीच माहीत असते. म्हणून नायक विनायकचा मुलगा अख्खा लंगोटच का पळवू नये असे सुचवतो तेव्हा चित्रपटगृहात कोणालाही पुढचे समजावून सांगावे लागत नाही. हाव वाढली की बाहुल्या वाढतात, बाहुल्या वाढल्या की हस्तर वाढतात. शेवटी शापित बाप तो लंगोट पुढे करतो आणि मुलगा तो नाकारतो. त्या मुलाचे नाव पांडुरंग आहे. चंद्रभागेत परीस फेकणाऱ्या नामदेवांच्या देवाचे हे नाव लेखकाने मुद्दाम दिले की सहज, ते त्यालाच ठाऊक. मराठी कानाला मात्र ते बरोबर ऐकू येते.

या चित्रपटाचे नशीबही सांगण्यासारखे आहे. २०१२ मध्ये चित्रण झाले, पण मनासारखे उतरले नाही म्हणून पुन्हा लिहून पुन्हा चित्रित केले गेले. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो लागला तेव्हा गर्दी बेताचीच होती. लोकांनी नंतर तो घरोघरी, फोनवर पाहिला, एकमेकांना सांगितला; आणि १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. अद्भुतपट चालवायचा तर पहिल्या तीन दिवसांतच डोळे दिपवले पाहिजेत, हा व्यवसायातला समज इथे खोटा पडला. सहा वर्षे लोकांच्या तोंडी राहिली ती हस्तरची गोष्ट, म्हणजे त्याची भूक आणि त्याचा शाप.

मराठीत हे पूर्वी बऱ्यापैकी जमत होते. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ मधला ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणजे एका शब्दापायी राज्य, बायको, मुलगा सगळे गमावणाऱ्या राजाची गोष्ट. फाळक्यांच्या कॅमेऱ्याच्या करामती त्या गमावण्याच्या सेवेत होत्या. ‘प्रभात’ने १९३२ मध्ये ‘माया मच्छिंद्र’ काढला. स्त्रीराज्यात रमलेल्या गुरूला सोडवायला आलेला गोरखनाथ मराठवाड्यातल्या ज्या घरात नवनाथांची पोथी लागते तिथे पोरासोरांनाही माहीत असतो. त्याच पोथीत परतीच्या वाटेवर मच्छिंद्रनाथांच्या झोळीत सोन्याची वीट असते. पुढच्या रानात भय तर नाही ना, असे गुरू सारखे विचारतात, आणि गोरखनाथ ती वीट गुपचूप फेकून देतो. गुरू शोक करू लागतात तेव्हा तो अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवतो. नामदेवांच्या ओंजळीतल्या खड्यांची ही जवळची भावंडकथा. पुढे १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये वैकुंठाला नेणारे विमान पडद्यावर उडाले. आज ते पाहताना यंत्रणा साधी वाटते. पण विमान वर जाते तेव्हा जिजाई खालीच राहिलेली असते. तिचा संसार, तिची पोरे आणि रोजची चूल यांचे काय, हा प्रश्न त्या चमत्काराच्या पायाशी तसाच उरतो. चमत्काराचे मोल कोण देते ते दाखवण्याची ही हिंमत आजच्या कितीतरी महागड्या चित्रपटांत नाही.

मग हे थांबले कशामुळे? याचा एक धागा साहित्यात जातो. सुरुवातीच्या काळात मराठी कादंबरी बरीचशी अद्भुतात रमली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, मागोमाग नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला घरातल्या आणि समाजातल्या खऱ्या दुःखाकडे वळवले, आणि ते वळण आवश्यकच होते. ‘पण लक्षात कोण घेतो’ नसती तर मराठी गद्य फार गरीब राहिले असते. परंतु त्यानंतर अद्भुत हे जाणत्यांच्या वाचनातून उतरले. नाथमाधवांचे ‘वीरधवल’ पोरांच्या हाती गेले, धारप ग्रंथालयातल्या खिळखिळ्या प्रतींतून वाचले गेले, पोथी देवघरात राहिली. समीक्षेने त्यांच्याकडे पाहिलेच नाही. ज्या पुस्तकांचे कोणी गंभीरपणे वाचन करत नाही, त्यांतली अट कोणती आणि मोल कोणते हे पटकथाकाराला सांगणार कोण? म्हणून मराठीत अद्भुत आले ते बहुतेक विनोदाच्या अंगाने, बाहुल्या आणि बाटल्या घेऊन. त्यांतले काही चित्रपट करमणूक म्हणून उत्तम आहेत. पण त्यांच्या मागे पुस्तक नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप पैशाचा. जॅक्सनसारखे सैन्य उभे करायला कोट्यवधी डॉलर लागतात, मराठी निर्मात्याने ते आणायचे कुठून? प्रश्न खरा आहे, परंतु तो रोषणाईच्या फूटपट्टीतून निघालेला आहे. आरसा, ताईत, कणकेची बाहुली यांना सैन्य लागत नाही. ‘तुंबाड’मधली सर्वांत भीतिदायक जागा म्हणजे लालसर भिंतींचा एक गाभारा आणि एक दोर. एंडे यांच्या कथेतली आठवण पुसली जाण्याची भीती तर चांगला नट आणि चांगला संवाद असला की पुरे. दुसरा आक्षेप असा, की मुले मजेसाठी जातात, त्यांना अटी-किमतीचे काय? ज्यांनी मुलांना गोष्ट सांगितली आहे त्यांना हे पटणार नाही. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असेल तर पोपट मेल्यावर राक्षस मेलाच पाहिजे, हे मूल बजावून सांगते. नियम मोडलेला मोठ्यांच्या आधी त्यालाच कळतो. तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे आणि त्याला मी टाळणार नाही. नामदेवांची, नाथांची चरित्रे ही कल्पनारंजनाच्या चित्रपटांच्या ओळीत बसवणे भाविकाला रुचणार नाही. त्याच्यासाठी ती घडलेली आहेत. इथे खरेखोटे ठरवण्याचा माझा हेतूही नाही आणि अधिकारही नाही. गोष्ट कशी बांधली आहे एवढेच मी पाहतो आहे. भाविकाचे नुकसान तर उलट बाजूने होते. चमत्काराला नुसता प्रकाशझोत आणि ढोलताशा लावणारे चित्रपट संताला जादूगार करून टाकतात.

औंढा नागनाथचेच पाहा. हिंगोली जिल्ह्यातले हे ज्योतिर्लिंगाचे देऊळ. नामदेव इथे कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना देवळासमोरून उठवून मागे पाठवले. ते मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, अशी कथा. देवळासमोर असायचा तो नंदी मागच्या बाजूला राहिला, हे तिची खूण म्हणून दाखवले जाते. शीख पंथाच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात जातीमुळे देवळातून उठवले गेल्याचे आणि मग देऊळ फिरल्याचे त्यांच्या तोंडून येते. गावाचे नाव तिथे नाही. उद्या कोणी या कथेवर चित्रपट करायला बसले तर संगणकावर दगडी शिखर गरगर फिरवणे हे सर्वांत सोपे काम असेल आणि जाहिरातीत तेच झळकेल. पटकथेचे अवघड काम त्याच्या आधीचे आणि नंतरचे आहे. नामदेव देवळाला फिरायला सांगत नाहीत, ते फक्त गाणे थांबवत नाहीत, ही अट. आणि जे पुजारी समोरच्या जागेवर हक्काने बसले होते, ते उठलेले नसतानाही आता मागे पडले आहेत, हे मोल. दिग्दर्शकाने शिखर फिरताना एकदाही दाखवले नाही, कॅमेरा पूर्ण वेळ त्या पुजाऱ्यांच्या चेहऱ्यांवर ठेवला, तरी ही कथा पडद्यावर पुरी येईल. आणि शिखर कितीही सफाईने फिरवले, पण शिंप्याच्या पोराला का उठवले गेले ते कोणाला दुखू नये म्हणून गाळले, तर ती औंढ्याची गोष्ट राहणार नाही.